फाइलची दुसरी प्रत

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन बेळगावात झाले, केमोही तिथेच चालू आहे, तेव्हा खानापुरातल्या आपल्या डॉक्टरांकडे आता कशाला जायचे, असे बाबा फोनवर म्हणाले. मला ते पटलेले नाही.

मुळात हे दुखणे पकडले कुणी? मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडे थोडे झिरपत राहते आणि शौचात डोळ्यांना दिसतही नाही. हिमोग्लोबिन मात्र उतरत जाते आणि माणूस वयामुळे दम लागतो म्हणत बसतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण तेवढ्यावर न थांबता, साठी उलटलेल्या पुरुषाचे लोह घटले म्हणजे पोटातून रक्त जात नाही ना हे पाहिलेच पाहिजे, असे बजावून कोलोनोस्कोपीची (दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याची) चिठ्ठी हातावर ठेवली. बाबा, त्या दिवशी तुम्ही केवढे चिडला होतात!

यापुढेही त्यांची गरज लागणारच आहे. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर जे स्टेरॉइड देतात त्याने साखर चढते, आणि मधुमेहाच्या गोळीचे काय करायचे हे तुमची प्रकृती वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाने बेळगावच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवलेले बरे. ताप १००.४ अंशांवर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नका. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो, म्हणून मध्यरात्र असली तरी त्यांना कळवून थेट बेळगाव गाठायचे. शेजारच्या मामांनी जंगलातून आणलेली ती मुळीसुद्धा (त्यांचा हेतू चांगलाच आहे) डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उगाळू नका.

केमो संपल्यावर पहिली दोन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी सीईएची (कॅन्सर परत उद्भवतो आहे का याची चाहूल देणारी) रक्ततपासणी आणि ऑपरेशननंतर वर्षभराने पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. या तारखा सांभाळायलाही जवळचे कुणीतरी हवे. वडिलांना हा आजार झाला म्हणजे मुलांनी चाळिशीपासूनच तपासणी करून घ्यायची असते, हेही त्यांनीच दादाला सांगितले. तो अजून टाळतो आहे, त्याच्याशी मी बोलेन.

आई, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट आणि प्रत्येक केमोचा कागद यांच्या झेरॉक्स काढून दुसरी फाइल कर आणि येत्या सोमवारी ती त्यांच्या दवाखान्यात नेऊन दे. बाबांच्या चालू गोळ्यांची पाकिटेही सोबत ने.

तुमची,
ताई