पॉड टॅक्सी येऊ द्या, पण सुटे भाग कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नियोजित पॉड टॅक्सीबद्दल वाचले. ८.८५ किलोमीटरचा मार्ग, ३८ थांबे, सहा आसनांच्या बिनचालक गाड्या. मी रोज डोंबिवलीहून येऊन कुर्ल्याला उतरतो आणि संकुलात कामाला जातो. पावसाळ्यात शेअर रिक्षाच्या रांगेत मी उभा असतो, तेवढ्यात लोकल परत ठाण्याला पोहोचलेली असते. त्यामुळे नव्या वाहनाला विरोध करणारा मी शेवटचा माणूस असेन.

अशा पॉड लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून धावत आहेत. मात्र तिथे स्थानके अवघी तीन, पॉड एकवीस आणि प्रवासी येतात तेही तुरळक. कुर्ल्याला माणसे अशी थोडी-थोडी येतात होय? एका लोकलमधून संकुलाकडे जाणारे तीनशे जण उतरले, तर पन्नास पॉड लागतील, आणि मागून दुसरी लोकल आलेलीच असेल.

तरी गर्दीचे गणित एक वेळ जमवता येईल. मला धास्ती आहे ती मोनोरेलच्या अनुभवाची. २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा टप्पा सुरू झाला, २०१९ मध्ये मार्ग संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेला. पण डबे पुरवणारी मलेशियाची स्कोमी कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. एका गाडीचे भाग काढून दुसरीला बसवायची वेळ आली. १९ ऑगस्ट २०२५ ला पावसाने हार्बर लोकल बंद पडली, तेव्हा लोक मोनोकडे धावले. क्षमता १०४ टनांची, भार १०९ टनांचा; वीजपुरवठा तुटून गाडी मधेच अडकली आणि साडेपाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने खाली उतरवले. पुढच्याच महिन्यात सेवा थांबवावी लागली.

पुणे-मुंबई हायपरलूपचा (हवा काढलेल्या नळीतून अतिवेगाने जाणाऱ्या वाहनाचा) करार २०१८ मध्ये ज्या कंपनीशी झाला, तिने तर २०२३ अखेर गाशाच गुंडाळला. इथे रूळ पडण्याआधीच सुटलो म्हणायचे!

याउलट मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये लोकलला वीज देणाऱ्या डोक्यावरच्या तारेतला १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह जाऊन २५ हजार व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारा) आला. त्याचे ना ढोल वाजले ना फलक लागले. आज मुंबईत त्याच प्रकारच्या तारेखाली सीमेन्सची यंत्रणा असलेली लोकल धावते, बंबार्डियरचीही आणि हैदराबादच्या मेधाचीही. एकाने हात वर केले तर दुसरा आहे. मोनोचे नवे डबेही शेवटी मेधाकडूनच घ्यावे लागले, पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

म्हणून पॉड टॅक्सीच्या करारातल्या तीन गोष्टी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जाहीर कराव्यात. पॉड आणि त्यांची नियंत्रण प्रणाली दुसऱ्या कंपनीला बनवता येईल का? आराखडे आणि सॉफ्टवेअरचे हक्क प्राधिकरणाकडे राहतील का? आणि पुरवठादार बुडाला, तर किती वर्षांचे सुटे भाग आगारात असतील? शेअर रिक्षाचा गॅरेजवाला निदान कुर्ल्यातच असतो.

आपला,
एक रेल्वे प्रवासी, डोंबिवली (पूर्व)