मॅडम, बंडीतलं कार्ड चाललं

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव सांगून तुम्हाला आठवायचं नाही. कर्जखात्याच्या टेबलापुढं दिवसभरात किती माणसं बसून जातात ते मी बघितलंय. पण ‘दोन कॉम्प्रेसरवाले काका’ म्हटलं तर कदाचित आठवेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली छोटी फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, २०२१ साली दुसऱ्या कॉम्प्रेसरसाठी तुमच्याकडं टर्म लोनची फाईल घेऊन आलेला आणि तुम्ही एक प्रश्न विचारलात म्हणून अर्धा तास बोलत बसलेला माणूस.

तुमचा प्रश्न साधा होता. पहिला कॉम्प्रेसर चालू आहे, मग दुसरा कशाला? त्यावर मी तुम्हाला अख्खा कारखाना ऐकवला होता. भट्टीत चौदाशे डिग्रीच्या वर लोखंड तयार आहे आणि तेवढ्यात कॉम्प्रेसरची हवा गेली, तर मोल्डिंग मशीन जागच्या जागी थांबतं. साचे तयार नाहीत, आणि पातळ लोखंड काही तुमच्यासाठी थांबत नाही. शेवटी ते तसंच पिगमध्ये, म्हणजे नुसत्या ठोकळ्यांत, ओतून टाकायचं, म्हणजे वितळवायला जाळलेली वीज गेली, पाळी गेली, आणि उद्या तेच लोखंड पुन्हा वितळवायचं. एकदा असं झालं की त्यात मेकॅनिक सातारहून यायचाय असं कळतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, फाईलवर काहीतरी लिहिलंत आणि लोन मंजूर झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे २०२३ मध्ये, मी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून परदेशात वापरायचं कार्ड, घ्यायला शाखेत आलो. जर्मनीत डुसेलडॉर्फला ‘गिफा’ला जायचं होतं. फौंड्रीवाल्यांचं ते जगातलं मोठं प्रदर्शन, दर चार वर्षांनी भरतं. २०१९ ला जायचं म्हणत राहिलो आणि राहूनच गेलं, म्हणून २०२३ ला सोडायचं नाही असं ठरवलेलं. १२ ते १६ जून. मी आणि माझा फोरमन, दोघंच. तुमचं टेबल कर्जाचं, फॉरेक्सचा काउंटर दुसरीकडं. तरी तुम्ही हाक मारलीत आणि विचारलंत, “काका, क्रेडिट कार्ड किती आहेत?”

मी छाती काढून सांगितलं, एक. एकच पुरे, जास्त कार्डं म्हणजे जास्त उधारी. खोटं कशाला बोला, माझ्या मनात आलं की ही बाई आता आपल्या गळ्यात कार्ड मारणार, महिन्याचं टार्गेट असेल. तेव्हा तुम्ही म्हणालात, “कारखान्यात दोन कॉम्प्रेसर आणि पाकिटात एकच कार्ड?”

माझंच वाक्य माझ्याच अंगावर. फोरमन शेजारी उभा होता, तो फिसकन हसला.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, बरं, मिसेसच्या नावानं ॲड-ऑन कार्ड द्या, ते बरोबर ठेवतो. तुम्ही नको म्हणालात. ॲड-ऑन तुमच्याच खात्यावर चालतं, लिमिट तीच, मूळ खातं अडकलं तर तेही अडकलं. मला लगेच पटलं, कारण ते म्हणजे त्याच कॉम्प्रेसरला दुसरा पाइप लावण्यातलं झालं. आणि पुढं जे बोललात त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुम्ही म्हणालात, “दुसरं कार्ड आमच्या बँकेचं घेऊ नका. दुसऱ्या बँकेचं घ्या आणि नेटवर्कही वेगळं घ्या. हे व्हिसा असेल तर ते मास्टरकार्ड.” समोरच्या बँकेत जा, वार्षिक फी नसलेलं मागा, एवढंसुद्धा सांगितलंत. स्वतःच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानात पाठवणारं माणूस मी गुजरीत बघितलेलं नाही, लक्ष्मीपुरीत नाही आणि बँकेत तर नाहीच नाही.

नवं कार्ड आल्यावर ते घेऊन पुन्हा तुमच्याकडं आलो. तेव्हा तुम्ही माझा मोबाईल हातात घेऊन दोन्ही कार्डांची सेटिंग्ज उघडलीत. परदेशातला वापर दोन्हीवर बंद! ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे, नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं. ऑनलाइन, परदेश, टॅप करून पैसे, हे ज्याचं त्यानं चालू करून घ्यायचं. मी तसाच गेलो असतो तर दोन्ही कार्डं म्हणजे प्लॅस्टिकचे दोन तुकडे. नंतर पाठीमागचा नंबर डायरीत लिहायला लावलात. १८०० चा नव्हे, त्याच्या खालचा +९१ चा, कारण टोल फ्री नंबर परदेशातून लागेलच असं नाही. पिन विचारलात नाहीत, फक्त दोन्ही पाठ आहेत का एवढं विचारलंत. आणि शेवटी, “दोन्ही कार्डं एका पाकिटात ठेवू नका.”

घरी सांगितलं. बायकोनं काही न बोलता माझ्या बंडीला आतून खिसा शिवला, वर बटण लावलं.

आता डुसेलडॉर्फ. फ्रँकफर्टला उतरलो, तिकिटाच्या मशीनवर कार्ड घातलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चाललं. स्टेशनवर खाल्लं, तिथंही तेच कार्ड. रात्री साडेदहाला हॉटेलच्या काउंटरवर पोचलो. प्रदर्शनाचे दिवस, गावात खोली मिळणं मुश्कील, आणि आमची खोली ‘तिथं आल्यावर पैसे’ या बोलीवर ठेवलेली. काउंटरवरच्या पोरानं कार्ड मशीनमध्ये घातलं. चिठ्ठी बाहेर आली. त्यानं ती वाचली, मान हलवली, पुन्हा घातलं, पुन्हा तीच चिठ्ठी. फॉरेक्स कार्ड पुढं केलं. ते प्रीपेड आहे, डिपॉझिट त्यावर धरता येत नाही म्हणाला. फोरमन बॅगेवर बसल्या बसल्या पेंगत होता. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे दोन.

चूक कुणाची म्हणाल तर माझीच. तासाभरात परदेशातून दोन-तीन वेळा कार्ड फिरलं, बँकेच्या यंत्रणेला संशय आला, तिनं कार्ड अडवलं आणि मला मेसेज पाठवला. मेसेज आला त्या सिमवर, जे मी रोमिंगचे पैसे वाचवायला बंद करून ठेवलं होतं. चोर आला असता तर हीच अडवणूक मला गोड लागली असती.

मग मी शर्टाची वरची चार बटणं काढली. काउंटरवरचं पोरगं आधी दचकलं, मग शिष्टपणानं दुसरीकडं बघायला लागलं. बंडीतून कार्ड काढलं, घामानं जरा ओलं झालेलं, ते विजारीला पुसून त्याच्या हातात दिलं. मशीननं विचारलं, रुपये की युरो? तुम्ही सांगितलेलं आठवलं: रुपये दिसले की आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं, पण त्यात मशीनवाला स्वतःचा भाव लावतो, युरोच दाबा. युरो दाबलं, पिन टाकला. चिठ्ठी बाहेर आली आणि तिच्या मागं खोलीची किल्ली.

सकाळी हॉटेलच्या वायफायवर सिम चालू करून, डायरीतला +९१ चा नंबर लावून पहिलं कार्ड उघडून घेतलं. पुढं ते नीट चाललं. पण प्रदर्शनाबाहेरच्या एका बेकरीत दोन्ही कार्डं नाकारली, तिथं फक्त रोख किंवा त्यांच्या देशातलं ईसी कार्ड. तिथं फोरमनच्या खिशातले युरो कामाला आले. त्याचं मला फार नवल वाटलं नाही. २०१९च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गावात पेट्रोल मिळेना, वीज गेली, तेव्हा कुठलंच कार्ड उपयोगाचं नव्हतं. किराणावाला म्हणायचा, नोट असेल तर बोला. तेव्हापासून घरात थोडी रोकड ठेवतोच.

ऑगस्टमध्ये तुमच्यासाठी पापाची तिकटीवरून चपलेचा जोड घेऊन शाखेत आलो. मापाचा अंदाज बायकोचा. तुमच्या टेबलावर दुसरे साहेब बसलेले. मॅडमची बदली झाली म्हणाले, कुठं ते सांगितलं नाही. नियमानं बरोबरच आहे. जोड कपाटावर ठेवला आणि मी कामाला लागलो. असंच राहून गेलं.

मात्र १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी दुपारी, भाचीच्या लग्नाचे कपडे घ्यायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो होतो. साड्यांचा ढीग बांधून झाला आणि यूपीआय चालेना. देशभरच अडकलं होतं हे नंतर कळलं. दुकानात आम्ही सगळे मोबाईल वर धरून उभे, जणू रेंजची चूक आहे. काउंटरवर कार्डचं मशीन होतं. पाकीट गाडीत राहिलेलं, म्हणून पुन्हा बंडी. आता माझी सवयच झालीय. ते कार्ड दोन महिन्यांतून एकदा पेट्रोलला वापरतो, कारण वर्षभर न वापरलेलं कार्ड बँक नोटीस देऊन बंद करू शकते, हेही तुम्हीच सांगितलेलं. बिल झालं. बायको पिशव्या उचलता उचलता म्हणाली, “त्या मॅडमना कळवलासा का कधी?”

नाही कळवलं. म्हणून हे, सगळ्यांसमोर. दुसरं कार्ड काढून दिल्याबद्दल नव्हे, ते तर तुमच्या बँकेनं दिलंही नाही. एक माणूस दोन वर्षांपूर्वी काय बोलला ते लक्षात ठेवून, त्याच्याच भाषेत त्याला समजावून सांगितलंत, आणि स्वतःच्या टार्गेटमध्ये एका कार्डाची भर न घालता, त्याबद्दल मनापासून आभार.

अंबाबाईच्या दर्शनाला कधी आलात तर उद्यमनगरात या. गेटवर ‘दोन कॉम्प्रेसर’ विचारा, पोरं दाखवतील. चपलेचा जोड अजून कपाटावर आहे. माप चुकलं तर पापाची तिकटीवर बदलून देतो म्हणालाय.

तुमचा,
दोन कॉम्प्रेसरवाला काका
उद्यमनगर, कोल्हापूर