सिनेमांच्या यादीची नासाडी टाळा

महोदय,

घरातल्या डीव्हीडींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) यादी डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नये, ही कळकळीची विनंती. ८९०ने सुरू होणारा १३ आकडी बारकोड ‘८.९०ई+१२’ असा आक्रसतो, मराठी नावांचा तर पार चिखल होतो. फाइल सेव्ह केली नसेल तर काही बिघडलेले नाही. ती बंद करा, कोऱ्या शीटमध्ये ‘डेटा’तून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, फाइल ओरिजिन ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८, मराठी अक्षरे नीट जपणारी संकेतपद्धती) ठेवा आणि ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त बारकोडचा रकाना ‘टेक्स्ट’ करा. सेव्ह झाली असेल तर मात्र बारकोडचे शेवटचे आकडे गेलेच; ते डबीवरूनच पुन्हा टिपावे लागतात. नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली असतील तर तीही परत येत नाहीत. म्हणून दुरुस्तीआधी मूळ फाइलची प्रत काढाच, आणि सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा.

– एक संग्राहक, पुणे