अबोल मुलांना एकच शेरा नको

महोदय,

‘वर्गात मिसळत नाही, बोलण्याची सवय लावावी’ असा शेरा प्रगतिपुस्तकात वाचून दर वर्षी अनेक पालक काळजीत पडतात. माध्यमिक शाळेत दीर्घकाळ शिकवल्यामुळे या एका शेऱ्याखाली किती निरनिराळी मुले गोळा केली जातात हे मी जवळून पाहिले आहे.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुखतेची कल्पना सविस्तर मांडली, ती मनाचा ओढा बाहेरच्या जगाकडे आहे की स्वतःच्या विचारविश्वाकडे या निकषावर. भीतीचा तेथे प्रश्नच नव्हता. लाजाळूपणाच्या मुळाशी मात्र आपण चुकू, लोक हसतील ही धास्ती असते. अंतर्मुख मूल मधल्या सुट्टीत एकटे वाचत बसते ते त्याला आवडते म्हणून, आणि प्रश्न विचारला तर उभे राहून नीट उत्तरही देते. लाजाळू मुलाला खेळात शिरायचे असते, पण त्याचे पाऊल पुढे पडत नाही. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लाजाळूपणा आणि माणसांत रमण्याची आवड या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या, तेव्हा त्यांच्यातील संबंध बेताचाच निघाला. शिवाय अनोळखी व्यक्तीसोबत बसवल्यावर सर्वांत अवघडलेले दिसले ते लाजाळू असूनही माणसांची ओढ असलेले विद्यार्थी. मला हे निरीक्षण फार मोलाचे वाटते, कारण एकलकोंडा म्हणून आपण ज्याला सोडून देतो, तोच सोबतीसाठी आसुसलेला असू शकतो.

काही मुले अंतर्मुखही असतात आणि लाजाळूही, हे खरे. तरीही स्नेहसंमेलनात किंवा वक्तृत्व स्पर्धेत बळेच उभे करणे हा सरसकट उपाय चुकीचाच आहे. अंतर्मुख मुलाला त्याची गरज नसते, आणि लाजाळू मुलाची भरल्या सभागृहापुढे फजिती झाली तर भीती अधिकच घट्ट होते. त्याला आधी शेजारच्या मित्राशी, मग चौघांच्या गटात आणि त्यानंतर वर्गापुढे बोलू द्यावे लागते, आणि यासाठी शिक्षकाजवळ सवड असावी लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांबरोबरच विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापनही अपेक्षित आहे. त्यात ‘तुला बोलावेसे वाटते, पण भीती वाटते का?’ हा प्रश्न शिक्षण विभागाने समाविष्ट करावा आणि मुलाचे उत्तर वाचल्याशिवाय शिक्षकांनी शेरा लिहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा