खारे शेंगदाणे

दोंडाईचा
१२ डिसेंबर

प्रिय बापू,

आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, तुला एक ओळ लिहिली नाही. दिवाळीत तुझा फोन वाजत राहिला आणि मी नुसता बघत बसलो. बांधाचा राग होता, दुसरं काही नाही. तो राग आता गेला. कसा गेला ते सांगायलाच हे पत्र. तब्येत बरी. साखर आटोक्यात आहे, गुडघा थंडीत बोलतो, बीपीमुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. तुझी वहिनी मजेत. झालं.

आता ऐक. गेल्या आठवड्यात नातवाला घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. आधी दत्ताचं दर्शन, मग घोडे, मग जिलेबी, आपला क्रम तोच. घोडेबाजारात एका पांढऱ्या घोडीभोवती वीस माणसं जमलेली. कोणी दात बघतंय, कोणी खूर उचलतंय, कोणी अंगावरचे भोवरे मोजतंय. नाव काय, आई कोणती, खोड काही आहे का, सगळी चौकशी चाललेली. तिथून पाळण्यांकडे वळलो तर एका स्टॉलवर पाटी: 'झॉम्बी मारा, बक्षीस मिळवा'. २० रुपयांत ५ चेंडू. डोक्याला लागला तरच बक्षीस, छातीला लागला तर नाही. आणि समोर, बापू, पुठ्ठ्याचं चित्र नाही, जिवंत माणूस बसवलेला.

तोंडाला मैद्याची खळ फासून वर राख लावलेली. खळ वाळून तिचे पापुद्रे निघत होते. ओठांच्या कडेनं कुंकवाचं पाणी ओघळलेलं. चेंडू आला की त्यानं हात पुढे करून गुरगुरायचं. उजव्या भुवईवर टेंगूळ होतं, ते मात्र रंगवलेलं नव्हतं. पोरं खिदळत होती, बाप मोबाइल धरून उभे होते. माझा नातूही म्हणाला, आजोबा, मला पण. मी नाही म्हटलं. त्यानं तिथेच मातीत लोळण घेतली. आणि मला तू आठवलास.

जिनिंगच्या आवारातला व्हिडिओ आठवतो ना? एका रात्रीत तीन पिक्चर, तिसरा इंग्रजी. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण मढी चालत येतात आणि लोक त्यांना गोळ्या घालतात एवढं सगळ्यांना कळलं. अख्खं गाव शिट्ट्या मारत होतं. तू उभा राहून ओरडलास, "मारू नका रे, त्याले भूक लागेल शे!" (त्याला भूक लागलीय.) क्षणभर सगळे गप्प, मग हशा. पहिला मी हसलो. 'झोंब्या' हे नाव तुला चिकटवलं ते मीच, आणि तुझ्या लग्नाच्या वरातीपर्यंत ते पुरवलं. इतक्या वर्षांनी सांगतो, तुझं बरोबर होतं. माफ कर.

आता तू म्हणशील, हा म्हातारा एका पिक्चरवरून इतका का तापला. तापलोच आहे. यात्रेहून आल्यापासून रोज रात्री वाचतोय, आणि जितकं वाचतो तितकं पटतं की त्या बिचाऱ्यावर धडधडीत अन्याय झालाय. झॉम्बी मुळात कोणाला खाणारा नव्हताच रे. तो सालदार होता, सालाच्या बोलीवर मळ्यात राबणारा गडी.

खरं सांगतो. ही गोष्ट हैतीची. तिथे फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं त्यांत राबून मरत होती. त्यांचा विश्वास असा की मेल्यावर तरी जीव सुटेल, समुद्रापलीकडे आपल्या मुलखात, गिनीला परत जाईल. आणि भीती अशी की कोणी मांत्रिक आपल्याला कबरीतून उठवेल आणि मेल्यावरही मळ्यात जुंपेल. झॉम्बी म्हणजे हा माणूस. ज्याला मरणाचीसुद्धा सुट्टी मिळाली नाही तो. याच गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं आणि १८०४ मध्ये फ्रेंचांना हाकलून स्वतःचा देश उभा केला. म्हणजे ज्या लोकांची ही भीती, ते काही लेचेपेचे नव्हते.

पुढे १९१५ ते १९३४ अमेरिकेची फौज हैतीत ठाण मांडून होती. त्या काळात ही गोष्ट अमेरिकेत गेली आणि १९३२ मध्ये 'व्हाइट झॉम्बी' हा पिक्चर आला. तो मी नातवाच्या मोबाइलवर पाहिला. त्यात साखरेचा कारखाना आहे. मेलेली माणसं चरक फिरवतायत, कर्रकर्र आवाज येतोय, आणि वरून एक जण तोल जाऊन चरकात पडतो. कोणी थांबत नाही. कोणी मान वळवत नाही. चरक फिरतच राहतो. बापू, हे बघून मी मोबाइल पालथा घातला. आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या टोळ्या आठवल्या, पहाटे थंडीत ट्रकवर चढणाऱ्या.

त्या वेळेपर्यंत झॉम्बी कोणाचं मांस खात नव्हता. ते लचांड त्याच्या मागे लागलं १९६८ मध्ये, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला तेव्हापासून. आणि त्या पिक्चरमध्ये झॉम्बी हा शब्द एकदाही येत नाही! आरोप एकावर, नाव दुसऱ्याचं. गावात असं झालं असतं तर पंचांनी निदान चौकशी केली असती. त्याच पिक्चरचा शेवट सांगतो. एक काळा माणूस रात्रभर त्या मढ्यांशी झुंजून जिवंत राहतो, आणि सकाळी त्याला वाचवायला आलेले बंदूकवाले त्यालाच मढं समजून गोळी घालतात. न विचारता. एकदा न विचारता मारायची सवय लागली की समोर कोण आहे हे कोण बघतो?

माझं सगळं दुखणं या न विचारण्यातच आहे. आपल्याकडची भुतं बघ. मुंजा पिंपळावर का, तर त्याची मुंज झाली पण लग्न राहिलेलं. हडळ का झाली, तर बाळंतपणात गेली. अंगात आलं की भगत आधी काय विचारतो? तू कोण, कुठला, काय मागतोस? मग नारळ, कोंबडं, लुगडं, जे मागेल ते. भूत झालं म्हणून कोणी त्याचा मान ठेवायचं सोडत नाही. तुझ्या नानांच्या दहाव्याला काय झालं? कावळा शिवेना. तापीच्या काठावर उन्हात आपण दोन तास उभे. धाकटीचं लग्न करून देऊ म्हटलं, नाही. घर वाटणार नाही म्हटलं, नाही. शेवटी तू रडत म्हणालास, "नाना, बैलजोडी विकणार नाही," आणि कावळा झेपावला. (ती जोडी तू पुढच्या वर्षी विकलीस, ते मी विसरलेलो नाही.) एका मेलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते ओळखायला आपण दोन तास दिले. झॉम्बीला कोणी दोन मिनिटं देत नाही. दिसला की डोक्यात गोळी.

आणि त्याचे गुन्हे तरी कोणते? हळू चालतो. बाजारच्या दिवशी आपल्या स्टँडवर सगळेच तसे चालतात. कपडे फाटके. बोलता येत नाही. पण त्यानं कधी कोणाचा बांध कोरला नाही, कोणाच्या विहिरीची मोटर पळवली नाही, भावाला कोर्टात खेचलं नाही. घोळक्यानं राहतात, पण आपसात भांडताना कधी बघितलेस? आपण दोघं एका वीतभर बांधासाठी आठ महिने बोललो नाही. मराठीत तर त्याच्या नावाचाही मान आहे, झोंबी म्हणजे झुंज. आता मराठीतही 'झोंबिवली' निघाला, २०२२ मध्ये, थेट डोंबिवलीत. म्हणजे तो आपल्यात आलाय. पाहुणा म्हणून तरी नीट वागवू.

खरी गोष्ट अजून पुढेच आहे. मिठाची.

हैतीत असं मानतात की झॉम्बीला अळणीच जेवण द्यायचं. मीठ जिभेला लागलं की तो जागा होतो, आपण मेलोय हे त्याला कळतं, आणि मग मालकाचं काही चालत नाही. १९२९ मध्ये एका अमेरिकन माणसानं तिथली एक गोष्ट छापली. एक मुकादम अशी टोळी घेऊन साखर कंपनीत येतो. टोळी राबते, आठवड्याची मजुरी मुकादमाच्या हातात. सणाच्या दिवशी मुकादमाच्या बायकोला दया येते, यांनाही जरा यात्रा दाखवावी. ती त्यांना गावात नेते आणि दाण्यांची चिक्की घेऊन देते. दाणे खारवलेले असतात हे तिला माहीत नसतं. ते एक घास खातात, किंकाळी फोडतात आणि उठून चालू लागतात, सरळ डोंगराकडे, आपल्या गावाकडे. गावातले लोक आपापल्या माणसाला ओळखतात, हाका मारतात. ते थांबत नाहीत. स्मशानात जाऊन प्रत्येक जण आपापल्या कबरीची माती उकरतो आणि आडवा होतो.

हे वाचलं आणि तुमच्या मळ्यातला सालदार मामा डोळ्यांसमोर उभा राहिला. नाना त्याला काय म्हणायचे? "खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस." आपण ते कौतुकच समजायचो. त्याला ताप होता, तरी रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेला, कारण मीठ खाल्लं होतं. आखाजीला साल संपायचं, हिशोब व्हायचा, आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसायची आणि पुन्हा साल धरायचा. सगळ्या खान्देशात त्या दिवशी सालदार सुटतो, तो सुटायचा नाही. बापू, तिकडे मीठ खाल्लं की माणूस सुटतो. आपल्याकडे मीठ खाल्लं की बांधला जातो. चार दिवस हेच डोक्यात आहे. मामावरून तेव्हा तू नानांशी भांडलास आणि मी नानांची बाजू घेतली होती. तेही चुकलंच माझं.

आता यात्रेतलं राहिलेलं सांगतो. मी स्टॉलवाल्याला म्हटलं, माणसाला काय मारायला लावता? तो म्हणाला, काका, चेंडू रबरी आहे, आणि तो पैसे घेतो. गर्दी जरा पांगल्यावर मी त्या पोराजवळ गेलो. विशीचा असेल. धडगावकडचा. म्हटलं, जेवलास का? म्हणाला, सात वाजेपर्यंत उठायचं नाही, उचल घेतलीय. माझ्या हातात नातवासाठी घेतलेली खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती, ती त्याला दिली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं रे, हे सगळं मी नंतर वाचलं. त्यानं दाणे खाल्ले, मग पुडीच्या तळाचं मीठ तळहातावर घेऊन चाटलं. बाहीनं तोंड पुसलं, तशी खळ निघाली आणि आतून कोवळं तोंड दिसलं, मिशी नीट न फुटलेलं. तो उठला. पाणी कुठे मिळेल विचारलं. मी बोट दाखवलं. स्टॉलवाला ओरडत राहिला, तो गेला.

आणि पाच मिनिटांनी परत येऊन बसला. स्वतःच राख घेतली आणि तोंडाला लावली.

मला त्याचं नाव विचारायचं सुचलं नाही. घोडीचं नाव माहीत आहे मला. गाडीत बसल्यावर ते लक्षात आलं, तोवर पूल ओलांडला होता. उचल किती होती, तेवढंही विचारलं नाही. खिशात पैसे होते. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणाली, मग उद्या पुन्हा जा. गेलो. स्टॉल उठला होता, तिथे उसाच्या रसाची गाडी लागली होती.

या आखाजीला मी ठरवलंय. पितरांची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, की आगारीत, पितरांसाठी विस्तवावर घास टाकतो त्यात, एक घास जास्तीचा टाकणार. ज्यांची घागर कोणी भरत नाही त्यांच्यासाठी, मळ्यात मेले आणि तिथेच उठवले गेले त्यांच्यासाठी. घासात मीठ घालणार. धाकटा काका कुरकुर करेल, करू दे. तू ये. त्याच दिवशी बांधाचं बघू, दोरी धर तू, मी खुंटी ठोकतो. वीतभर इकडे गेलं तरी माझी हरकत नाही.

तुझं काय ते लिही. मुलीचं जमलं का? तो नंदुरबारचा मुलगा चांगला वाटला होता मला. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल. उधन्याच्या घराचं कर्ज फिटलं की पेढे पाठव, साखरेचं मी बघतो. वांगी यंदा झकास आहेत, भरताला येच.

तुझा,
अण्णा

ता. क. सालदार मामाचा मुलगा तुमच्याकडे सुरतेला लूमवर आहे असं ऐकलं. उधना किंवा लिंबायतला असेल. शोध. भेटला तर आधी नाव विचार, मला तेही आठवत नाही. मग विचार, मामाच्या नावानं घागर भरतात का, आणि नानांच्या वहीत शेवटच्या सालाचे किती निघत होते. वही तुझ्याकडेच आहे.