बदलीचा फॉर्म भरला नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहिते. फोनवर आई गप्प होते, बाबा "बरं बरं" म्हणून फोन ठेवतात आणि मग मला रात्रभर झोप लागत नाही. तर आधी तेच सांगून टाकते. शिक्षकांच्या आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म मी याही वेळी भरला नाही. मुदत परवा संपली. रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा. बाबा, चष्मा लावून वाचा, कागद हातभर लांब धरून नाही.

हिशेबाशिवाय बाबांना पटत नाही, म्हणून आधी हिशेब. जिल्हा बदलला की नव्या जिल्ह्याच्या सेवाज्येष्ठता यादीत माणूस तळाला जातो. इथली, बीड जिल्ह्यातली वर्षं पगाराला धरतात, ज्येष्ठतेला नाही. नव्याने येणाऱ्याला उरलेल्या जागा मिळतात, आणि आपल्या कोरेगावातली जागा कधी उरत नाही. उरली तर कोयनेच्या पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात उरेल. म्हणजे बामणोली नाहीतर तापोळ्याला जायचं आणि लाँच धरायची. तिथून दर शनिवारी घरी यायला जमलं असतं का? (थोडं वाढवून सांगतेय हे तुम्हाला कळलंच असेल. नुसत्या लाँचला घाबरून मी थांबले नाही. खरं कारण पुढे आहे.)

त्याआधी आईच्या प्रश्नांची उत्तरं. पाटोद्यातली खोली चांगली आहे. पाणी आठवड्याने येतं, पण दोनशे लिटरची टाकी घेतली आहे आणि पिण्याचं पाणी उकळून घेते. भाकरी जमते, फुगतेसुद्धा. गाडीचं मागचं टायर बदललं. शाळा अकरा किलोमीटरवर आहे, रस्त्यातला घाट दिवसाउजेडी पार होतो, आणि अंधार पडला तर गुरुजींची गाडी पुढे असते. थंडीत कानाला स्कार्फ बांधते. तू पाठवलेला मेतकुटाचा डबा अजून संपला नाही.

बाबा, मागे तुम्ही म्हणालात, "तुम्हाला काय, फोटो काढायचे आणि पाठवायचे." फोटो काढतोच. पण त्या फोटोंच्या मधे दिवसभर काय चालतं ते आज नीट सांगते.

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पट 38. पहिलीची नऊ आणि दुसरीची बारा मुलं माझ्याकडे, तिसरी-चौथीची सतरा गुरुजींकडे. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार आणि दिनविशेष होईपर्यंत मी डोकी मोजून घेते, कारण स्वयंपाकाच्या मावशी आकड्यासाठी दारात उभ्या असतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला तांदूळ 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20, भाजी 50 आणि तेल 5 ग्रॅम. आज 34 मुलं आली, म्हणजे तांदूळ 3 किलो 400 ग्रॅम, डाळ 680, भाजी 1 किलो 700 आणि तेल 170. घोळ होतो तो इथेच. मावशींना सवयीचं माप हवं असतं, "चार किलो टाकते, पोरं येत्यात." चार किलो टाकले आणि नोंद 34 ची केली, की महिनाअखेरीला कोठीतला तांदूळ आणि वहीतली शिल्लक जुळत नाही. तुम्ही एसटीत कंडक्टर असताना तुमचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि पेटीतली रोकड जुळली नाही की जे व्हायचं तेच. म्हणून तांदूळ धुवायच्या आधी काट्यावर ठेवायचा, भिजलेला मोजायचा नाही. पोतं आलं की ते आधी वजन करून घ्यायचं, नुसत्या पावतीवर विश्वास ठेवायचा नाही.

आई, तुझ्या कामाचंही सांगते. मटकीला थंडीत एका रात्रीत मोड येत नाहीत. सकाळी भिजत घालून संध्याकाळी फडक्यात बांधली तरी दुसरी रात्र लागते, म्हणून बुधवारच्या उसळीची मटकी सोमवारीच भिजते. मोठ्या पातेल्यात खिचडी मधोमध लागते, कारण जाळ मधेच असतो आणि मावशी कडेने ढवळतात. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास आमच्यापैकी एकाने खाऊन बघायचं, चव नोंदवहीत लिहायचं आणि एका झाकणाच्या डब्यात नमुना 24 तास ठेवायचा. तेव्हा मी दुपारी उपाशी असते ही काळजी सोड. रोज गरम जेवते, तेही सरकारी नियमाने.

आता वर्गाचं. दोन इयत्तांना एकाच वेळी शिकवणं म्हणजे एका चुलीवर दोन भांडी. पहिलीजवळ बसायचं तर दुसरीला वीस मिनिटांचं काम द्यावं लागतं, आणि ते काम बेतावं लागतं. सोपं असेल तर "बाई, झालं" म्हणून सगळे अंगावर येतात, अवघड असेल तर "बाई, येत नाही" म्हणून येतात. दोन्हीकडून पहिलीचा धडा मोडतो. भिंतीला खालून अडीच फुटांपर्यंत काळा पट्टा रंगवून घेतला आहे, प्रत्येकाला आपापली हातभर जागा. बसल्या जागेवरून मान वळवली की कोण अडलंय ते दिसतं, वह्या गोळा कराव्या लागत नाहीत.

अक्षरं आम्ही अ-आ-इ असं ओळीने शिकवत नाही. लगेच शब्द होतील अशी अक्षरं आधी घेतो. म, ग, र, स, क एवढ्यावर मगर, गरम, सरक होतात. काना आला की मामा, काका, गारा, सागर. आठवडाभरात मूल काहीतरी वाचतं आणि घरी जाऊन सांगतं, मग ते दुसऱ्या दिवशी आपणहून येतं. अडतं ते भ-म, ध-घ आणि ब-व यांच्यापाशी. पहिल्या दोन जोड्यांत फरक शिरोरेघेतल्या फटीचा असतो, आणि मुलं आधी रेघ मारून तिला अक्षरं टांगतात, त्यामुळे फट बुजते आणि भटजीचा मटजी होतो. मी आधी अक्षर काढायला लावते, रेघ शेवटी. आई, तू मला रेघ आधी मारायला शिकवलंस, पण माझी अक्षरं चुकली नाहीत. मुळात हात धरून शिकवायला तू समोर बसली होतीस. इथल्या मुलांच्या घरी तसं बसायला कुणाला सवडच नाही.

गणितात तर बाबा, मला तुमची रोज आठवण येते. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मुलं 52 लिहितात. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतं, म्हणून 49. आठवतं, 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात वीस पाच, वीस सहा आलं तेव्हा तुम्ही पेपर टेबलावर आपटला होतात? मीही तुमच्याच बाजूने भांडले होते. आता दोन्ही सांगते, आधी "वीस आणि पाच", मग "पंचवीस". उलटं लिहिणं कमी होतं. शंभर मण्यांची माळ आहे, दहा लाल, दहा पांढरे, दहा लाल अशी. पोरं दहा-दहाने उड्या मारत मोजतात. आणि 52 वजा 27 विचारलं की निम्मी मुलं 35 सांगतात. दोनातून सात जात नाहीत, मग ती सातातूनच दोन वजा करतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच, लहानातून मोठं जाईलच कसं? इथे फळ्यावर हातचा दाखवून उपयोग नसतो. काड्यांचे दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवलेत. पाच गठ्ठे, दोन सुट्या. एक गठ्ठा सोडायचा, बारा सुट्या होतात, मग सात काढायच्या. तुम्ही नोट मोडून सुटे द्यायचात, तसंच. रबर सोडताना ज्याचे हात थरथरत नाहीत त्याला कळलं म्हणायचं.

कागदांचं थोडक्यात सांगते. 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात, आणि त्यात आधार जुळलेलं मूलच धरतात. आधारवर आडनाव एक, रजिस्टरला दुसरं. लहानपणी काढलेलं आधार मूल पाच वर्षांचं झालं की बोटांचे ठसे देऊन अद्ययावत करावं लागतं, ते कुणी केलेलं नसतं. रजिस्टरात निम्म्यांचा जन्म 1 जूनचा. (तुमचाही 1 जूनच, बाबा, आणि आजी म्हणायची तुम्ही थंडीतले.) नोंदी भरायला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उभी राहिलेली मी कुणाला दिसले तर त्याला वाटेल, बाई फोनवर आहेत.

आता खरं कारण. 38 पैकी 19 मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की गावात मुकादमाच्या गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांनी उन्हाळ्यात उचल घेतलेली असते, ती टनाच्या हिशेबाने फेडायची असते, तेव्हा "यंदा थांबा" असं म्हणून भागत नाही. मूल इथे थांबायचं तर आजी-आजोबा लागतात आणि दोन वेळचं जेवण लागतं. त्यासाठी हंगामी वसतिगृह आहे. आमच्याकडे त्याला वेगळी इमारत नाही, मूल झोपतं आजीकडे आणि जेवतं सगळ्यांबरोबर. पण याद्या होऊन मंजुरी येईपर्यंत निम्म्या गाड्या गेलेल्या असतात. म्हणून सप्टेंबरातच घरोघर जावं लागतं, तेही दोनदा. पहिल्यांदा बाप "बघू" म्हणतो. दुसऱ्यांदा आजीशी बोलायचं, निर्णय तिचा असतो. तिला नातू नको नसतो, तिला रात्री ताप आला तर काय करायचं ही भीती असते. त्यावर "बाईंचा नंबर घ्या" एवढंच उत्तर चालतं. आणि नंबर दिलेली बाई पुढच्या वर्षी बदलून गेली, तर त्याच्या पुढच्या वर्षी कुठली आजी ऐकेल? पट विसाच्या खाली गेला की दुसऱ्या शिक्षकाच्या पदाचाच प्रश्न उभा राहतो. मला कुणी अडवून ठेवलेलं नाही, आई. अजून तीन वर्षं, आत्ताची पहिली चौथी पास होईपर्यंत. तेवढंच मागते.

जी जातातच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो. मूल कोणत्या वर्गात, काय येतं, ते त्यावर असतं. बहुतेक कार्डं एप्रिलमध्ये तशीच घडी न मोडता परत येतात. कोपीपासून, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीपासून, शाळा लांब असते, टोळी एका रानातून दुसऱ्या रानात हलते, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला कोपीवरच राहते.

या टोळ्या कुठे येतात माहीत आहे ना? आपल्या ओढ्यापलीकडच्या रानात ज्या कोप्या पडतात, त्यातल्या कित्येक आमच्या डोंगरातल्या असतात. म्हणून बाबा, एक काम आहे, आणि नाही म्हणायचं नाही. दिवाळीनंतर कोप्या पडल्या की एक चक्कर मारा. सकाळी नको, तेव्हा मोठी माणसं रानात असतात. चार-पाच वाजता जा. आधी मुकादमाशी बोला, नाहीतर "पोरं किती?" असं विचारणारा माणूस त्यांना संशयाचा वाटतो. तुम्हाला अनोळखी माणसाशी बोलायचं काही शिकवायला नको. कार्ड असेल तर बघा, नसेल तरी चालतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षभरात कधीही प्रवेश मिळतो, वयानुसार वर्गात, आणि दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना हे माहीत असतंच, फक्त सोबत गावातलं कुणी आलं की काम त्याच दिवशी होतं. दुपारचं जेवणही तिथेच मिळतं, हे आयांना आधी सांगा.

पण उपाशीपोटी जायचं नाही. शुगर उतरली की तुम्हाला कळत नाही, आम्हाला कळतं. खिशात खडीसाखर ठेवा. बांधावरून नाही, रस्त्याने जा. डोळ्यातले थेंब सहा तासांनी म्हणजे सहाच तासांनी. आई, फ्रिजवर मी चिकटवलेलं गोळ्यांचं हजेरीपत्रक भरत जा. मागच्या खेपेला सलग पंधरा दिवस एकाच शाईत, एकाच दिवशी भरलेलं मी ओळखलं. हेच काम करते मी. गुडघ्याला शेक देत जा आणि अंगणात पाय घसरतो तिथे शेवाळ खरवडून घ्या, तू स्वतः नाही, माणूस लावून.

वसुबारसेला रात्रीपर्यंत पोहोचते, नगर-पुणे करत. भाजणी मी आल्यावर दळायला टाकू. चकल्या मी पाडीन, तू फक्त बसून मोडलेल्या खा. लहानपणी मी खायचे तशा.

तुमची,
मनू

ता. क. कोपीवर पहिल्याच दिवशी खाऊ नेऊ नका, मग मुलं रोज खाऊसाठी कोपीवरच तुमची वाट बघत बसतील. पाटी-पेन्सिल न्या. माझी पत्र्याची पाटी माळ्यावर आहे, कोपरा वाकलेली, हिरव्या ट्रंकेच्या मागे. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, शेजारच्या मुलाला चढवा.