मुलाला घेऊन ‘निघून ये’ म्हणण्याआधी

लेस्टर, इंग्लंड

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

मनूचं आणि जावयांचं आता जुळणार नाही हे दोन्ही घरांनी मान्य केलंय, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. पत्र एवढ्यासाठीच की तुम्ही तिला फोनवर जे सांगताय, "पिंट्याला घे आणि मिळेल त्या विमानाने पुण्याला ये, बाकीचं इथून बघू," ते आजपासून थांबवा. माया कळते. पण इथल्या कायद्यात त्याला गुन्हा म्हणतात, आणि पुढे निस्तरायला सगळ्यांत जड तेच जातं.

सोळा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा १९८४ च्या बालअपहरण कायद्याखाली गुन्हा आहे. नेणारी सख्खी आई असली तरी. कमाल शिक्षा ७ वर्षं. पिंट्या जन्मला तेव्हा दोघं विवाहित होते, म्हणून पालकत्वाचे अधिकार दोघांना सारखे. जावयांना नुसता संशय आला तरी ते कोर्टातून तातडीचा मनाईहुकूम आणू शकतात आणि पिंट्याचा पासपोर्ट जमा करायला लावू शकतात. निघण्याची वेळ अगदी जवळ आल्याचं पोलिसांना पटलं तर विमानतळांवर सूचना जाते, ती २८ दिवस राहते. हीथ्रोवरून परत पाठवलेली आई पुढे न्यायाधीशासमोर येते, तेव्हा ती शाळेच्या वेळा सांगत असली तरी त्यांच्या मनात विमानतळच असतो.

समजा अडवलं नाही, ती पुण्यात पोचली. मग? वहिनी म्हणतात, पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये तसं आहे, पण ‘सामान्यतः’ म्हणून, आणि कलम १३ मुलाचं हित सगळ्याच्या वर ठेवतं. शिवाय पिंट्या साडेचार वर्षांचा आहे. पहिला साक्षीपुरावा व्हायच्या आत तो पाच ओलांडेल.

दादा, तुझ्या वकील मित्राने दाखवलेला २०१७ चा नित्या आनंद राघवन निकाल खरा आहे. तो इंग्लंडहून आलेल्या मुलीचाच होता. परदेशी कोर्टाचा हुकूम हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक, असं म्हणून सुप्रीम कोर्टाने मुलगी दिल्लीत आईकडे ठेवली. पण त्याने पुढचं वाचलं नसावं. २०१९ मध्ये लहरी सखामुरी प्रकरणात अमेरिकेहून आलेल्या मुलांसाठी आईने हैदराबादला अर्ज केला, तर सुप्रीम कोर्ट म्हणालं की मुलं ‘सामान्यपणे’ तिथली रहिवासीच नाहीत, त्या कोर्टाला अधिकारच नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचं कलम ९ ते हेच. २०२० च्या यशिता साहू निकालात मूल परत अमेरिकेला न्यायला सांगितलं. म्हणजे निकाल कुठल्या बाजूला जाईल हे आधी कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याची फी देऊ नका. तोवर इथे तिच्या मागे पिंट्याला परत आणण्याचा हुकूम निघालेला असेल, तो न पाळल्याबद्दल कोर्टाचा अवमान वेगळा, आणि इंग्लंडमध्ये पुन्हा पाय ठेवायची तिची सोय संपलेली असेल.

१९८० च्या हेग बालअपहरण कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे भारतात गेलेलं मूल परत येण्याची ठरलेली यंत्रणाच नाही, हे इथले न्यायाधीश पक्कं जाणून आहेत. म्हणून ‘भारतात जायचंय’ म्हटलं की ते अधिक सावध होतात. मनूने सगळी तयारी हे डोक्यात ठेवून करायची.

सुट्टीसाठी यायचं असेल तर मार्ग सोपा आहे. जावयांची सही असलेलं संमतिपत्र घ्यायचं. त्यात पिंट्याचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, जायची आणि परतायची तारीख, परतीच्या तिकिटाचा क्रमांक, पुण्याचा पत्ता आणि तुझा फोन. "हो, जा" असा व्हॉट्सॲप मेसेज पुरत नाही असं नाही, पण त्यावर पुढे वाद होतो, कारण किती दिवसांसाठी हे त्यात नसतं. परतीची तारीख उलटली की ते मूल अडकवून ठेवल्यासारखंच धरतात. पिंट्या मनूजवळ राहील असा कोर्टाचा हुकूम हातात आला, तर एक महिन्यापेक्षा कमी काळ ती संमतीशिवायही नेऊ शकते, हुकुमात उलट काही लिहिलेलं नसेल तर. आत्ता तसा हुकूम नाही.

कायमचं यायचं असेल तर कोर्टाची परवानगी. आधी मध्यस्थाबरोबरची एक बैठक सक्तीची असते. छळाचा पुरावा असेल तर ती माफ होते. मग सी-१०० हा अर्ज, फी अडीचशे पौंडांच्या आसपास. त्यानंतर कॅफकास ही मुलांच्या हिताबद्दल कोर्टाला सल्ला देणारी संस्था पोलीस आणि समाजकल्याण खात्याकडची दोघांचीही माहिती काढते, दोघांशी फोनवर बोलते आणि पहिल्या सुनावणीआधी कोर्टाला चिठ्ठी देते. या फोनला पोरी फार हलक्यात घेतात. वीस-तीस मिनिटांच्या त्या बोलण्यात मनूने नवऱ्याची गाऱ्हाणी सांगण्यात वेळ घालवला आणि पिंट्याबद्दल तीनच वाक्यं बोलली, तर चिठ्ठीत तसंच उतरतं. छळाचे आरोप असतील तर सी-१ए हा जोडअर्ज सुरुवातीलाच द्यायचा. मागाहून दिला की "आधी का नाही सांगितलंत" हा प्रश्न येतोच. पुढे कॅफकासचा सविस्तर अहवाल मागवला जातो, त्याला तीनएक महिने सहज लागतात. सगळं मिळून वर्षभराची बेगमी धरा.

निकाल होतो तो आराखड्यावर. "आई-बाबा आहेत, मोठं घर आहे, सगळे जीव लावतील" याला इथे वजन नाही. पुण्यात कुठली शाळा, तिचं प्रवेश देण्याचं लेखी पत्र, फी कोण भरणार, मनू नोकरीवर गेली की दुपारी मूल कोणाजवळ, त्या माणसाचं वय आणि तब्येत, पिंट्याच्या दम्याला डॉक्टर कोण, हे सगळं कागदावर हवं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, तेही लिहायचं. लपवलेलं नंतर बाहेर आलं की बाकीच्या आराखड्यावरचा विश्वासही उडतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं पान: बापाशी भेट. व्हिडिओ कॉल आठवड्यातून किती, कोणत्या वारी, किती वाजता. पुणे इथल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतं, त्यामुळे बाप कामावरून सुटेपर्यंत पिंट्या झोपलेला असणार. म्हणून शनिवार-रविवार सकाळ इथली, दुपार तिथली, असं लिहायचं. मे महिन्याच्या सुट्टीतले किती आठवडे इंग्लंडला, दिवाळीत बाप पुण्याला आला तर कुठे राहील, तिकिटाचे पैसे कोण देईल. हाच मजकूर पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून हुकूम म्हणून करून घेण्याची तयारीही दाखवायची, त्याला मिरर ऑर्डर म्हणतात. बापाला मूल भेटत राहील हे आईनेच आधी मांडलं की अर्ज निम्मा जिंकलेला असतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर, ज्या आईला हे पान मनापासून लिहिता येत नाही तिने हा अर्ज करूच नये.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं: जावयांना किंवा विहीणबाईंना एकही मेसेज पाठवू नका. "पोराचं तोंड बघायला मिळणार नाही" हे वाक्य रागात लिहिलं जातं, मग त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर होऊन ते कोर्टाच्या फाइलमध्ये लागतं. तुम्ही लिहिलेलं मनूच्या अंगावर येतं. पिंट्याला फोनवर "तुला कोणाजवळ राहायचंय" हेही विचारायचं नाही. कॅफकासची माणसं मुलांशी बोलण्यात मुरलेली असतात, पढवलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं.

४९८-अ चा, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाचा, विषय दादाने काढला होता, आता तो भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. मारहाण, छळ झाला असेल तर इथेच पोलिसांच्या ९९९ ला फोन करायचा. इथल्या कोर्टातून संरक्षणाचा हुकूम मिळतो, त्याला फी नाही. इथल्या २०२१ च्या कौटुंबिक छळाच्या कायद्यात पैशाची कोंडी आणि सततची धाकदडपशाही हाही छळच. पण केवळ दबाव म्हणून पुण्यात सासरच्या सगळ्यांवर तक्रार टाकाल, तर ती इथे मनूच्या विरोधात वाचली जाईल.

तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून आहे, हे कोणाच्या बोलण्यात येत नाही म्हणून लिहिते. वेगळे झाल्याचं होम ऑफिसला, म्हणजे इथल्या व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळलं की सहसा ६० दिवसांची मुदत देऊन तो आवरता घेतात. मुलाचा अर्ज चालू आणि आईलाच राहायचा अधिकार नाही, अशी विचित्र गाठ बसते. छळामुळे संसार मोडला असेल तर ३ महिन्यांची सवलत मिळते, २०२४ पासून ती नोकरदाराच्या जोडीदारालाही आहे. नाहीतर स्वतःच्या नोकरीवरचा व्हिसा. त्यासाठी व्हिसाचा वेगळा वकील हवा, घटस्फोटाच्या वकिलाला त्यातलं कळतंच असं नाही.

आता घटस्फोट. इथे एप्रिल २०२२ पासून कोणाचा दोष दाखवावा लागत नाही. ‘संसार मोडला’ एवढं निवेदन पुरतं. लग्नाला वर्ष झालेलं हवं, अर्ज ऑनलाइन, फी सहाशे पौंडांच्या आसपास. अर्ज दाखल झाल्यापासून २० आठवड्यांनी पहिला हुकूम मागता येतो, त्यानंतर ६ आठवड्यांनी अंतिम. सोपं दिसतं, आणि इथेच आपली माणसं फसतात. लग्न पुण्यात, हिंदू विवाह अधिनियमाखाली झालेलं. त्या कायद्यात ‘संसार मोडला’ हे घटस्फोटाचं कारण नाही. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या १९९१ च्या निकालाप्रमाणे परदेशी कोर्टाने या हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला घटस्फोट भारतात चालत नाही. दुसऱ्या पक्षाची त्याला संमती असेल तर गोष्ट वेगळी. एकट्याने अर्ज करून, दुसऱ्याने दुर्लक्ष करून मिळालेला कागद इथे पक्का आणि पुण्यात लंगडा. त्या जोरावर भारतात दुसरं लग्न केलं तर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम ८२.

त्यामुळे दोनच मार्ग धड आहेत. एक, इथे दोघांच्या सहीने संयुक्त अर्ज, सोबत स्वच्छ लेखी संमती. दुसरा, पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने. त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि दोन टप्प्यांत ६ महिन्यांचं अंतर असतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ते अंतर कोर्ट माफ करू शकतं, पण मुलाचं आणि पैशाचं सगळं आधीच मिटलेलं दाखवावं लागतं. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, पण पिंट्याबाबतचा हुकूम मात्र इथलाच हवा. तो राहतो इथे.

पुण्याच्या अर्जासाठी मनू तुझ्या नावाने मुखत्यारपत्र करेल. भारतीय वाणिज्य दूतावासात सही, किंवा इथल्या नोटरीपुढे सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद मान्य व्हावा म्हणूनचा सरकारी शिक्का. तुझ्या हातात पडल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात जाऊन त्यावर मुद्रांक शुल्क भरून घे. हे राहिलं की पुढे कोर्टात हरकत निघते. संमतीचा जबाब मात्र तिला स्वतःलाच द्यावा लागेल, व्हिडिओवरून देण्याची परवानगी वकिलाने आधी मागून ठेवावी.

पैशाचं थोडक्यात. इथे दोघांना सगळी मालमत्ता उघड करावी लागते, भारतातलीही: वाकडचा फ्लॅट, एफडी, पीपीएफ, लॉकरमधलं सोनं. आत्ता घाईने एफडी तुझ्या नावावर फिरवू नकोस, कोर्ट असे व्यवहार उलटवू शकतं. पिंट्याचा खर्च मनू इथे असेपर्यंत सरकारी यंत्रणेकडून ठरतो, एका मुलाला बापाच्या एकूण पगाराच्या साधारण १२ टक्के. ती भारतात राहायला आली की ती यंत्रणा बाजूला होते, म्हणून रक्कम हुकुमातच लिहून घ्यायची.

तुम्ही या आठवड्यात करायचं ते असं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून विवाह नोंदणीचा दाखला, नमुना ई, त्याच्या तीन साक्षांकित प्रती. मराठीत असेल तर तसाच पाठवा, भाषांतर इथे प्रमाणित करून घेऊ. लग्नात दिलेल्या दागिन्यांच्या पावत्या आणि त्या दिवशीचे फोटो. शाळेचं पत्र. पिंट्याचा भारतीय पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, त्याला दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. तेव्हा मध्यस्थाच्या बैठकीतच तो मुद्दा घ्यायला मी मनूला सांगितलंय. स्कॅन मनूच्या नव्या ईमेलवर पाठवा, जुन्याचा पासवर्ड घरातल्या लॅपटॉपवर आहे.

वहिनींचं ऑपरेशन कधी ते कळवा.

तुझी,
बेबी